गोड तर मी खातच नाही!

तपासणीचा कागद हातात पडला की बहुतेक घरांत पहिलं वाक्य हेच निघतं. "पण मला गोड आवडतच नाही. चहासुद्धा बिनसाखरेचा. मग मला कसा काय डायबेटिस?" मागोमाग सल्ले सुरू होतात: भात बंद करा, बटाटा बंद करा, आंब्याकडे बघूही नका, साखरेऐवजी गूळ वापरा, पहाटे कारल्याचा रस घ्या. आठ दिवस घरात एका माणसासाठी वेगळा स्वयंपाक होतो. महिन्याभरात सगळं मूळपदावर येतं आणि पुढच्या तपासणीला डॉक्टर गोळीची मात्रा वाढवून देतात.

हे प्रकरण टाइप टू मधुमेहाबद्दल आहे. टाइप वन हा वेगळा आजार. तो बहुधा लहान किंवा तरुण वयात होतो, त्यात शरीर इन्सुलिन जवळजवळ तयारच करत नाही आणि इंजेक्शनला पर्याय नसतो. आपल्याकडच्या प्रौढ माणसांत दिसतो तो मात्र बहुतांशी टाइप टू. त्यात काय खातो, किती खातो आणि किती हलतो, याला फार मोठं वजन आहे. पण हे कसं घडतं ते समजल्याशिवाय नुसती पथ्याची यादी भिंतीवर लावून उपयोग होत नाही. म्हणून आधी रक्तापासून सुरुवात करू.

१. रक्तात साखर असते तरी किती?

प्रौढ माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. 'फास्टिंग १००' याचा अर्थ दर १०० मिलिलिटर रक्तात १०० मिलिग्रॅम ग्लुकोज. पाच लिटरचा हिशेब केला तर ते भरतं पाच ग्रॅम. म्हणजे अख्ख्या शरीरातल्या रक्तात मिळून साखर असते चहाचा एक चमचा! उपाशीपोटी आकडा १२६ किंवा त्याच्या वर आणि फेरतपासणीतही तसाच आला, की मधुमेहाचं निदान होतं. १२६ म्हणजे सव्वासहा ग्रॅम. निदानाच्या उंबरठ्यावरचा माणूस आणि निरोगी माणूस यांच्या उपाशीपोटीच्या रक्तात फरक असतो तो पाव चमच्याचा.

आता सकाळी एक बशी पोहे खाल्ले असं धरा. त्यात साठेक ग्रॅम कोरडे पोहे असतात. ते पचले की त्यातून सुमारे ४५ ग्रॅम ग्लुकोज निघतं, म्हणजे नऊ चमचे. ज्या रक्तात एरवी एकच चमचा असतो, त्यात दोन-तीन तासांत नऊ चमचे येऊन जातात. तरीही निरोगी माणसाची साखर थोडी चढते आणि परत जागेवर येते. याचा अर्थ आलेलं ग्लुकोज रक्तात राहतच नाही, ते लगोलग कुठेतरी आत घेतलं जातं. मधुमेहात बिघडतं ते हे आत घेणं.

२. चाळ भरली की ट्रॉल्या रस्त्यावर

कांद्याच्या हंगामात लासलगावच्या रस्त्यावर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. रांग दिसते रस्त्यावर, पण तिचं कारण रस्त्यात नसतं. माल उतरवायची जागा, म्हणजे कांदा साठवायची चाळ, भरलेली असते. आपलं रक्त हा रस्ता आणि ग्लुकोज हा कांदा समजा. माल उतरवून घेणाऱ्या मोठ्या चाळी दोन: स्नायू आणि यकृत. आणि माल उतरवणारा हमाल म्हणजे स्वादुपिंडातून सुटणारं इन्सुलिन.

या चाळींना मर्यादा आहे. यकृतात साठवणीच्या रूपात साधारण १०० ग्रॅम ग्लुकोज मावतं, सगळ्या स्नायूंत मिळून ३०० ते ४०० ग्रॅम. स्नायू वापरले नाहीत तर तिथला साठा हलत नाही. चाळ भरलेली आणि रोजचा माल तेवढाच, अशा वेळी यकृत जादा ग्लुकोजची चरबी करतं. ती कातडीखाली साठवायला जागा असेल तोवर फार बिघडत नाही. ती जागा संपली की चरबी यकृतातच साचू लागते, पुढे स्वादुपिंडातही. सोनोग्राफीच्या अहवालात 'फॅटी लिव्हर ग्रेड वन' असं लिहून येतं आणि आपण ते वाचून बाजूला ठेवतो, ती हीच चरबी.

चरबीने भरलेलं यकृत इन्सुलिनचं ऐकेनासं होतं. एरवी यकृताचं आणखी एक काम असतं: आपण उपाशी असताना साठ्यातलं ग्लुकोज रक्तात सोडणं. इन्सुलिन आलं की त्याने हे सोडणं थांबवायचं असतं. ते थांबत नाही. म्हणजे रस्त्यावर आधीच रांग आणि भरीला चाळीतूनही ट्रॉल्या बाहेर. स्वादुपिंड जादा हमाल पाठवून काही वर्षं निभावून नेतं. या वर्षांत साखरेचे आकडे ठीक येतात, पोट मात्र वाढत असतं. शेवटी स्वादुपिंड दमतं आणि मग कागदावर लाल रेघ येते. निदान त्या दिवशी झालेलं असतं, आजार कैक वर्षं आधी सुरू झालेला असतो.

इतकं लक्षात आलं की उपायांची दिशाही कळते. रोजचा माल कमी करायचा आणि चाळ रिकामी करायची. पहिलं काम खाण्याचं आणि दुसरं, निम्मं तरी, व्यायामाचं.

३. बारीक माणसाला का होतो?

२००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा: २२.३. दोघेही दिसायला सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्याला जो फरक कळला नाही तो मोजणीने दाखवला.

याज्ञिक यांच्या गटाने पुण्याजवळच्या सहा गावांत १९९३पासून गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास चालवला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं बारीक होती, पण ती बारीक होती स्नायूंच्या बाबतीत. चरबी त्यांनी त्या मानाने राखून ठेवलेली होती. म्हणजे जन्मापासूनच आपली चाळ लहान. म्हणून भारतीयांसाठी मोजमापंही वेगळी धरतात: बीएमआय २३ झाला की वजन जास्त, आणि कंबर पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या व बायकांची ८०च्या आत हवी. मोजपट्टी बेंबीच्या आसपास धरायची, पँटच्या पट्ट्यापाशी नाही. पट्टा पोटाखाली सरकवून वर्षानुवर्षं '३४ची पँट बसते' असं सांगणारे पुष्कळ असतात.

हा आजार देशात किती पसरला आहे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३मध्ये आले. देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आणि आणखी १३.६ कोटी मधुमेहाच्या आधीच्या पायरीवर. देशाची सरासरी ११.४ टक्के, आणि राज्यांमध्ये सर्वांत वर गोवा, २६.४ टक्के.

४. ताटाचा हिशेब

धान्य, डाळी, कंद, फळं, साखर यांतला जो भाग पचून अखेर ग्लुकोज होतो त्याला कर्बोदकं म्हणतात. वर्तमानपत्रातले 'कार्ब्ज' ते हेच. जिभेला गोड लागो न लागो, पोटात गेल्यावर बहुतेक सगळ्याचं ग्लुकोजच होतं.

दुपारचं एक साधं, सात्त्विक ताट घेऊ. तीन पोळ्या, एक वाटी भात, बटाट्याची भाजी, वाटीभर वरण. एका पोळीला तीसेक ग्रॅम कणीक लागते, त्यात कर्बोदकं २० ग्रॅम. तीन पोळ्यांची ६०. भाताची ३०. बटाट्याच्या भाजीची १५. वरणाची आणखी १५. एकूण १२० ग्रॅम, म्हणजे २४ चमचे. या ताटात साखरेचा कणही नाही. हे ताट जेवून उठलेला माणूस चहात साखर नको म्हणतो तेव्हा तो वाचवतो दोन चमचे. ते वाचवावेतच, पण 'गोड खातच नाही' या तक्रारीचं उत्तर त्या २४ चमच्यांत आहे.

याच ताटात प्रथिनं किती? कशीबशी २० ग्रॅम, आणि तीही अर्धीअधिक पोळीतली. आपल्या जेवणाची खरी खोट इथे आहे. संशोधन परिषदेच्याच पाहणीतून २०२५मध्ये पुढे आलेली आकडेवारी सांगते की भारतीयांना दिवसाची सुमारे ६२ टक्के ऊर्जा कर्बोदकांतून मिळते. त्याच अहवालातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. पांढऱ्या तांदळाऐवजी गहू किंवा ज्वारी-बाजरीसारखी भरड धान्यं घेतली, पण एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला दिसला नाही. थोडी कर्बोदकं काढून त्या जागी डाळी-कडधान्यं किंवा दूधदुभत्यातली प्रथिनं आली, तेव्हा मात्र धोका कमी दिसला.

म्हणून भाकरीकडे जरा डोळसपणे बघावं लागतं. ज्वारीची भाकरी चांगलीच. चोथा जास्त, पोट भरतं, साखर थोडी सावकाश चढते. पण हातावर थापलेल्या एका भाकरीला साठ-सत्तर ग्रॅम पीठ लागतं आणि त्यात ४० ते ४५ ग्रॅम कर्बोदकं असतात. एक भाकरी म्हणजे दोन पोळ्या. 'डायबेटिस आहे म्हणून आता फक्त भाकरी' म्हणत दोन भाकऱ्या खाणारा माणूस चार पोळ्या खात असतो. तीच एक भाकरी, सोबत वाटीभर पिठलं किंवा मटकीची उसळ, एखादी पालेभाजी आणि ताक असं जेवण झालं तर गोष्ट वेगळी.

वरचंच ताट थोडं हलवून बघू. पोळ्या दोन, भात अर्धी वाटी, बटाट्याच्या जागी मेथी किंवा दोडका, वरणाच्या जागी घट्ट उसळ, शिवाय दही घातलेली काकडीची कोशिंबीर. कर्बोदकं उतरतात ८० ग्रॅमच्या आसपास. पोट तेवढंच भरतं. भातही ताटातून गेला नाही, आणि हे कोकणातल्या किंवा गोव्यातल्या माणसाला मुद्दाम सांगण्यासारखं आहे. तिथे भात बंद करा म्हटलं की माणूस सगळंच पथ्य सोडून देतो. मासे खाणाऱ्याचं तर काम सोपं: तुकडी वाढवायची, भात घटवायचा. माशात कर्बोदकं नसल्यातच जमा. मात्र मासा रव्यात घोळवून भरपूर तेलात तळला तर कर्बोदकं फार वाढली नाहीत तरी उष्मांक वाढतात आणि पोटाच्या घेराचं काम अवघड होतं.

उपास हा वेगळाच विषय. 'आज काही खाल्लं नाही, फक्त साबुदाणा खिचडी' असं म्हणतात तेव्हा बशीत साठ ग्रॅम साबुदाणा आणि बटाट्याच्या फोडी मिळून साठेक ग्रॅम कर्बोदकं असतात, म्हणजे तीन पोळ्या. साबुदाणा हे टॅपिओकाच्या कंदातलं जवळजवळ निव्वळ पीठ. त्यात चोथा नाही, प्रथिनं नाहीत. खिचडीत भलं काही असेल तर ते दाण्याचं कूट. उपास करायचाच असेल तर दाण्याची आमटी आणि थोडी भगर, किंवा ताक, दही आणि एखादं फळ बरं. गोळ्या चालू असतील तर कडक उपासाआधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं, त्याचं कारण पुढे येईल.

गुळाचा मुद्दा एका ओळीत संपतो: गूळ ही साखरच आहे, मधही. कारल्याचा रस आवडत असेल तर प्यावा, पण त्याच्या भरवशावर तिसरी पोळी वाढून घेऊ नये.

आणि आंबा? मध्यम हापूसच्या गरात वीस-बावीस ग्रॅम कर्बोदकं असतात. साधारण एका पोळीइतकी. साखर बऱ्यापैकी आटोक्यात असेल तर एक पोळी कमी करून एक आंबा चिरून खायला हरकत नसावी. अडचण आमरसाची आहे. वाटीत दोन-तीन आंबे, वर साखर, सोबत पुऱ्या, आणि दुसरी वाटी आग्रहाची. फळ चिरून किंवा चावून खाल्लं की माणूस आपोआप थांबतो, रस पिताना थांबत नाही. उसाचा रस, मोसंबीचा रस, शहाळ्याच्या नावाखाली मिळणारी बाटलीबंद पेयं, सगळ्यांना हेच लागू.

५. आधी काय, मग काय, आणि दिवसातून कितीदा

न्यूयॉर्कच्या वाइल कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात २०१५ साली एक छोटासा प्रयोग झाला. माणसं जेमतेम अकरा, सगळी टाइप टूची. तेच जेवण एकदा आधी पाव आणि रस, मग भाज्या आणि चिकन अशा क्रमाने दिलं, एकदा उलट क्रमाने. भाज्या आणि प्रथिनं आधी पोटात गेली त्या दिवशी तासाभरानंतरची साखर ३७ टक्के कमी होती. प्रयोग लहान आहे, पण करून बघायला फुकट आहे. कारणही समजण्यासारखं: चोथा आणि प्रथिनं आधी गेली की जठर सावकाश रिकामं होतं, म्हणून ग्लुकोज हळूहळू येतं. आपल्याकडे पहिला घास वरणभाताचा. तो मागे नेऊन आधी कोशिंबीर आणि उसळ खावी, भात शेवटी थोडासा. पंगतीत हे जमणार नाही. घरी जमतं.

दिवसातून कितीदा खावं, यावर महाराष्ट्रात मध्यंतरी घरोघरी वाद झडले. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या मांडणीवर आधारलेली दोनच वेळा जेवायची पद्धत डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी गावोगाव पोचवली. दुसरीकडे दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं खा, असं सांगणारे आहारतज्ज्ञ होते. २०१४ साली प्रागमध्ये टाइप टूच्या ५४ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात सारख्याच उष्मांकांचा आहार सहा वेळांत आणि दोन वेळांत विभागून पाहिला. दोन वेळांच्या पद्धतीत वजन आणि यकृतातली चरबी जास्त उतरली. पण ती दोन जेवणं म्हणजे सकाळची न्याहारी आणि दुपारचं जेवण होतं, रात्री साडेनऊचं जेवण नव्हे. माझं मत असं की आपल्या घरांत 'थोडं थोडं' म्हणजे प्रत्यक्षात चहा-बिस्किट, चहा-खारी, येता-जाता फरसाण असतं, आणि दोन वेळांच्या पद्धतीने ज्यांचं भलं झालं त्यांतल्या अनेकांचं ते हे सुटल्यामुळे झालं असावं. तीन वेळा नीट जेवून मधलं चरणं बंद केलं तरी बरंच साधतं.

६. शतपावली, पण जरा लांबवलेली

व्यायामाने वजन उतरतं म्हणून मधुमेह सुधारतो, अशी समजूत आहे. ती अर्धी बरोबर. दुसरी अर्धी बाजू अशी की काम करणारा स्नायू इन्सुलिनची वाट न बघता ग्लुकोज आत ओढून घेतो. हमाल संपावर असले तरी इथे माल उतरतो. ज्याचं शरीर इन्सुलिनला दाद देत नाही त्याच्यासाठी ही केवढी सोय आहे! शिवाय व्यायाम संपल्यावरही एक-दोन दिवस स्नायू इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतात. म्हणून नियम असा की सलग दोन दिवसांपेक्षा जास्त खाडा होऊ द्यायचा नाही. फक्त रविवारी सिंहगड चढून हे साधत नाही.

न्यूझीलंडमधल्या ओटॅगो विद्यापीठात टाइप टूच्या ४१ जणांना एकदा दिवसात कधीही एकदम तीस मिनिटं चालायला सांगितलं, एकदा तेवढंच चालणं तीन जेवणांनंतर दहा-दहा मिनिटं असं विभागून दिलं. जेवणानंतर चालले तेव्हा जेवणापाठोपाठची साखर सरासरी १२ टक्के कमी राहिली, आणि रात्रीच्या जेवणानंतरची तर २२ टक्के. हा २०१६चा अभ्यास. आपल्याकडे शतपावली होतीच. फक्त शंभर पावलं म्हणजे जेमतेम एक मिनिट. दहा मिनिटांना हजार पावलं लागतात. मालिका लागायच्या आधी गच्चीवर किंवा सोसायटीच्या आवारात ती सहज होतात.

एकूण माप आठवड्याला किमान १५० मिनिटं. चाल अशी हवी की बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. 'दिवसभर घरकामात उभीच असते, मला वेगळा व्यायाम कशाला' हा बायकांचा प्रश्न रास्त आहे. उभं राहणं बसण्यापेक्षा केव्हाही चांगलं, पण घरकामात दम लागेल अशी सलग दहा मिनिटं क्वचितच येतात. तेवढी वेगळी काढावी लागतात, आणि ती मिळावीत म्हणून घरातल्या इतरांनी ओटा आवरायला घ्यावा.

दुर्लक्षित राहतो तो ताकदीचा व्यायाम. आपली चाळ मुळात लहान आहे, हे तिसऱ्या भागात पाहिलं. ती मोठी करायचा मार्ग म्हणजे स्नायू वाढवणं, आणि चालण्याने ते फारसे वाढत नाहीत. शरीरातले सर्वांत मोठे स्नायू मांड्यांचे आणि नितंबांचे, म्हणून बैठका. आठवड्यातून दोन-तीन दिवस, दहा-दहाच्या दोन-तीन फेऱ्या. गुडघे दुखत असतील तर हाताचा आधार न घेता खुर्चीतून उठायचं आणि बसायचं. सत्तरीच्या माणसालाही हे जमतं. भिंतीला हात टेकून जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या, सूर्यनमस्कार, जिना, जे परवडेल आणि टिकेल ते. सोबत प्रथिनं पोटात गेली नाहीत तर मेहनत वाया जाते, म्हणून उसळ, दही, अंडी, मासे. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं किती, हे मात्र डॉक्टरांना विचारून.

पायांबद्दल. मधुमेह जुना झाला की अनेकांच्या तळव्यांची संवेदना बोथट होते. अशी माणसं उन्हात तापलेल्या फरशीवर देवळाला अनवाणी प्रदक्षिणा घालतात आणि घरी आल्यावर फोड दिसतात, तोवर काही कळलेलं नसतं. रोज रात्री तळवे बघायचे, स्वतःला वाकता येत नसेल तर घरच्यांनी बघायचे, आणि चालायला नीट बसणारे बंद बूट घ्यायचे. छातीत दुखत असेल, थोडं चालून धाप लागत असेल, डोळ्यांच्या पडद्याला त्रास असल्याचं सांगितलं असेल, तर व्यायाम सुरू करण्याआधी तपासणी.

७. रात्री कमी जेवलो, तरी सकाळी साखर जास्त कशी?

कारण ती साखर रात्रीच्या जेवणातली नसतेच, यकृताने सोडलेली असते. पहाटे शरीर जागं होण्याच्या तयारीला लागतं, काही संप्रेरकं वाढतात आणि यकृताला माल बाहेर काढायचा निरोप जातो. निरोगी माणसात इन्सुलिन त्याला आवर घालतं; इथे ते अपुरं पडतं. म्हणून फास्टिंगचा आकडा जेवणानंतरच्या आकड्यापेक्षा सावकाश खाली येतो. यकृतातली चरबी उतरायला लागली की तोही येतो. रात्री उपाशी झोपून तो लगेच उतरवायचा प्रयत्न बहुधा फसतो.

८. गोळ्या सुटतील का?

काहींच्या सुटतात. 'मधुमेह मुळापासून बरा' अशा जाहिरातींवर मात्र विश्वास ठेवू नये. गोळ्या सुटण्याला वैद्यकात बरा होणं म्हणत नाहीत. औषधं थांबवल्यावर किमान तीन महिने एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारा आकडा, ६.५च्या खाली राहिला, तर आजार शमला, असं म्हणतात.

ब्रिटनमध्ये प्रा. रॉय टेलर आणि प्रा. माइक लीन यांनी सुमारे ३०० रुग्णांवर केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. मधुमेह सहा वर्षांच्या आतला, इन्सुलिन न घेणारी माणसं. निम्म्यांना तीन ते पाच महिने दिवसाला साधारण ८५० उष्मांकांचा द्रवाहार दिला, मग हळूहळू नेहमीच्या जेवणावर आणलं. वर्षाअखेर त्यांतल्या ४६ टक्क्यांचा मधुमेह औषधांशिवाय शमलेला होता. नेहमीचे उपचार घेणाऱ्या दुसऱ्या निम्म्यात हे प्रमाण ४ टक्के. ज्यांचं वजन १५ किलो किंवा जास्त उतरलं त्यांच्यात तर ८६ टक्के. दोन वर्षांनी आकडा ३६ टक्क्यांवर आला, कारण अनेकांचं वजन परत चढलं. टेलर यांनी पुढे फारसं वजन नसलेले वीस रुग्ण घेऊन हाच प्रयोग केला, त्यांतल्या १४ जणांना यश आलं. बारीक दिसणाऱ्या माणसाच्याही यकृतात चरबी असते आणि ती उतरवता येते, हे त्यातून दिसलं.

हा द्रवाहार घरच्या घरी, मनाने सुरू करायचा नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण एकदम निम्मं केलं किंवा व्यायाम अचानक वाढवला तर साखर ७०च्या खाली घसरू शकते. घाम, थरथर, डोकं चालेनासं होणं ही तिची लक्षणं. अशा वेळी लगेच तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात घालून घ्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, अजून कमीच असेल तर तेवढंच पुन्हा. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, सरळ रुग्णालय गाठायचं. नुसत्या मेटफॉर्मिनने असं सहसा होत नाही. डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असताना धान्य पूर्ण बंद केलं किंवा कडक उपास केला तर वेगळा धोका असतो: साखर फार वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचतं, मळमळ-उलट्या होतात, श्वास लागतो. म्हणून आहार बदलायच्या आठवड्यातच औषधाची मात्रा ठरवून घ्यायची. औषधं कमी होतात ती आकडे बघून आणि डॉक्टरांच्या हातून.

ज्यांचा मधुमेह पंधरा-वीस वर्षांचा आहे, स्वादुपिंड बरंच थकलेलं आहे, त्यांच्या गोळ्या बहुधा सुटणार नाहीत. तरी त्यांचंही ताट आणि चालणं तेच, कारण त्याने मात्रा आटोक्यात राहते. गोळी लागते याचा अर्थ पथ्य नीट पाळलं नाही असा घरच्यांनी काढू नये. तो टोमणा फार ठिकाणी ऐकू येतो आणि तो चुकीचा आहे.

९. मोजायचं काय?

एचबीएवनसी तीन महिन्यांनी एकदा. तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात, त्यांना चिकटलेल्या साखरेवरून मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी कळते. ५.७च्या खाली निरोगी, ६.५पासून मधुमेह, मधली पायरी सावध होण्याची. अंगात रक्त कमी असेल तर हा आकडा फसवू शकतो, म्हणून सोबत हिमोग्लोबिनही बघावं. कंबर महिन्यातून एकदा.

घरी मीटर असेल तर रोज सकाळी एकदा मोजून उसासा टाकण्यापेक्षा त्याचा प्रयोगासाठी वापर करावा. पहिला घास घेतल्यापासून दोन तासांनी मोजायचं. एका आठवड्यात दोन दिवस नेहमीचे पोहे, पुढच्या आठवड्यात दोन दिवस पोहे निम्मे करून त्यात वाटीभर मोड आलेले मूग किंवा सोबत दोन अंडी. आकडे वहीत एकाखाली एक लिहायचे. मग हाच प्रयोग रात्रीच्या जेवणावर: दोन दिवस जेवून सोफ्यावर, दोन दिवस जेवून दहा मिनिटं चालणं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. न्याहारी बदलली त्या आठवड्यात चालणं नेहमीसारखंच ठेवायचं, नाहीतर आकडा मुगामुळे उतरला की चालण्यामुळे, ते कळणार नाही.